प्राध्यापकांसाठी व्हिडिओ, पोस्टर, ई-कंटेंट करून देणार असाल तर आधी हे वाचा

कॉलेजात "याला एडिटिंग येतं" अशी ओळख झाली की कामं आपोआप चालत येतात. एका मॅडमना युनिटचा व्हिडिओ हवा असतो, दुसऱ्या सरांना परिषदेचं पोस्टर, तर विभागाला नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) तपासणीआधी प्रयोगशाळेची फिल्म. काही जण हे काम कमवा आणि शिका योजनेतून करतात, काही ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामातून प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्टच्या क्रेडिटसाठी, आणि बरेच जण निव्वळ ओळखीवर. पुण्यात शिकत असताना मी वेगवेगळ्या विभागांसाठी अशी कामं केली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. सॉफ्टवेअर हात बसला की जमतं, पण मजकूर पक्का व्हायच्या आत काम सुरू केलं तर ते कधीच संपत नाही. म्हणून या लेखात आधी बोलणं आणि कागद येतात, कॅमेरा आणि सॉफ्टवेअर नंतर.

१. काम कोणत्या खात्यावर चाललंय ते ठरवून घ्या

कमवा आणि शिकातून काम करायचं असेल तर कॉलेजातल्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ही योजना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालते. मुलांनी काम करत शिकायचं, हा पायंडा त्यांनीच रयत शिक्षण संस्थेत पाडला. अर्ज बहुधा वर्षाच्या सुरुवातीलाच मागवतात, त्यामुळे नोटीस बोर्डावर लक्ष ठेवा. तासाचा दर आणि तासांची मर्यादा मात्र ऐकीव माहितीवर धरून चालू नका. त्या वर्षीचं परिपत्रक मागा आणि त्यातच वाचा.

साधारण लागणारी कागदपत्रं:

- कॉलेजचं ओळखपत्र आणि बोनाफाइड
- आधीच्या वर्षाची गुणपत्रिका
- उत्पन्नाचा दाखला
- आधार कार्ड आणि स्वतःच्या नावावरच्या बँक पासबुकाची झेरॉक्स
- ज्या विभागात काम करायचं तिथल्या विभागप्रमुखांचं शिफारसपत्र (काही ठिकाणी मागतात)

इथे नवीन मुलं नेमकी एका ठिकाणी अडकतात. शूटिंगचे तास सगळ्यांना दिसतात. एडिटिंग रात्री खोलीवर होतं, ते कोणाच्याच नजरेस पडत नाही. हजेरीपत्रकावर ते तास कसे धरायचे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या आणि सही त्या त्या आठवड्यालाच घ्या. महिन्याअखेरीस सगळं एकदम आठवून लिहायला बसलात, तर तुमचेच तास बुडतात.

ओजेटी असेल तर मूल्यमापन कोण करणार आणि रोजची नोंदवही कोणत्या नमुन्यात हवी, एवढं आधी समजून घ्या. ओळखीवर काम करत असाल तरी एक ईमेल असायलाच हवी. ती कशी लिहायची, ते पुढच्या टप्प्यात आहे.

२. पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

सर सहसा म्हणतात, "एक छानसा व्हिडिओ करून दे." एवढ्यावर होकार देऊन निघू नका. वही काढा आणि शांतपणे विचारा. वेळ घेतला म्हणून कोणी रागावत नाही. उलट आपलं काम हा मुलगा मनावर घेतोय, असं त्यांना वाटतं.

हे पाहणार कोण आणि कशावर? प्रथम वर्षाची मुलं बसमध्ये मोबाइलवर पाहणार असतील, तर प्रोजेक्टरसाठी केलेली स्लाइड त्यांना वाचताच येणार नाही.

हे लागणार कुठे? कॉलेजच्या मूडलवर (नोट्स आणि चाचण्यांच्या ऑनलाइन वर्गावर), यूट्यूबवर, स्वयमवर की सभागृहातल्या फ्लेक्सवर? स्वयम हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. तिथल्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वाध्याय-चाचण्या आणि चर्चेची जागा. मॅडम "ई-कंटेंट" म्हणाल्या तर त्यांना फक्त व्हिडिओ हवाय की चारही भाग, हे विचारा. कामाचा आवाका त्यावर दुप्पट-तिप्पट होतो.

हे कशासाठी दाखवायचंय? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत ई-कंटेंट आणि मूक (सगळ्यांसाठी खुले ऑनलाइन अभ्यासक्रम) यांसाठी प्राध्यापकांना गुण मिळतात, आणि बढतीच्या वेळी ते मोजले जातात. मग प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला प्राध्यापकांचं पूर्ण नाव, विषयाचा कोड, मॉड्यूलचा क्रमांक आणि तारीख असावी लागते, शिवाय अपलोडची लिंक कायम राहावी लागते. हे तुम्ही आपणहून विचारलंत, तर वर्षभराने "शीर्षकात माझं नाव राहिलं" म्हणून सगळं पुन्हा एक्स्पोर्ट करायची वेळ येत नाही.

मजकूर कोण लिहिणार आणि कोणत्या तारखेला हातात देणार? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. तोंडी सांगितलेल्या मुद्द्यांवरून स्लाइड करायला कबूल होऊ नका.

दुरुस्त्या कोण सांगणार? दोन सर आणि एक मॅडम मिळून काम देत असतील, तर तिघांपैकी एकाचंच अंतिम मत चालेल, असं त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

घरी गेल्यावर त्याच दिवशी ईमेल करा. अशी चालेल:

"आदरणीय मॅडम, आज ठरल्याप्रमाणे युनिट ३ चे प्रत्येकी आठ ते दहा मिनिटांचे चार व्हिडिओ करायचे आहेत. संहिता आपल्याकडून १० तारखेपर्यंत मिळेल. त्यानंतर दोन आठवड्यांत पहिला व्हिडिओ पाहायला देईन. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत. माझी अंतर्गत परीक्षा २० ते २५ या तारखांना असल्याने त्या दिवसांत काम होणार नाही. यात काही बदल असल्यास कृपया कळवावे."

परीक्षेच्या तारखा त्यात घालाच. प्राध्यापकांना त्या माहीत असतात, पण आपल्या कामाच्या घाईत लक्षात राहत नाहीत.

३. मजकूर युनिकोडमध्ये आणा, मगच फॉन्ट निवडा

मराठीतलं काम असेल तर सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. युनिकोड म्हणजे कोणत्याही संगणकावर तीच अक्षरं दिसतील अशी टायपिंगची पद्धत. पुष्कळ प्राध्यापकांच्या नोट्स जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. श्रीलिपी किंवा आयएसएममधली ती फाइल त्यांच्या संगणकावर व्यवस्थित दिसते. तुमच्याकडे उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेता येतो, पण नेल्यावर ओळ न् ओळ वाचावी लागते. रफार पुढच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, "श्र" आणि "क्ष" बिघडतात, ॲ गायब होतो. "ऱ्या" हमखास फसतो. भूगोलाच्या धड्यात डोंगर-दऱ्यांच्या जागी "दर्या" आला, तर अर्थच बदलतो, आणि स्पेलचेक तो शब्द पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

वाचून झालेला मजकूर मॅडमकडे परत पाठवा आणि "हा अंतिम" असं लेखी उत्तर घ्या. ते येईपर्यंत एकही स्लाइड करू नका.

फॉन्टसाठी मुक्त परवान्याचे पर्याय भरपूर आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू, तसंच नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत आणि छापण्यापासून व्हिडिओपर्यंत बिनधास्त वापरता येतात. ल आणि श यांच्या रूपांकडेही पाहा. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाण मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात या दोन अक्षरांची मराठी वळणं ठरवून दिली आहेत. काही फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात, आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की मराठी वळण उमटतं. मराठी विभागाचं काम करत असाल तर हे सांभाळाच. तिथले लोक बघता क्षणी ओळखतात.

अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला दिसली किंवा जोडाक्षर फुटलं, तर फॉन्टला दोष देऊ नका. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्या, प्रीमियर प्रो आणि आफ्टर इफेक्ट्सच्या प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन असतं, ते दक्षिण आशियाई लिपींसाठीचं निवडा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर घ्या. सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं की अक्षरं जागेवर येतात.

देवनागरीला ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना टेकता कामा नयेत. अक्षराच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवा.

४. चित्रं, नकाशे, संगीत: काय चालतं, काय नाही

सर पीपीटी देतात, त्यातली अर्धी चित्रं गूगलवरून उतरवलेली असतात. वर्गात शिकवताना त्याचं कोणाला काही वाटत नाही, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२व्या कलमात शिकवण्याच्या ओघात केलेल्या वापराला सवलतही आहे. पण तीच चित्रं घालून व्हिडिओ यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुला केला, की त्या सवलतीवर विसंबून राहू नये. चित्र बदलून घेणं हा सरळ मार्ग.

विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या संकेतस्थळावर चित्र सापडलं तर त्याखालचा परवाना वाचा:

- नुसतं श्रेय मागणारा परवाना असेल तर चित्राचं नाव, करणाऱ्याचं नाव, स्रोत आणि परवाना हे चारही लिहा.
- "तसाच परवाना ठेवा" अशी अट असेल, तर त्या चित्रावरून तुम्ही केलेली मराठी आकृतीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. हे सरांच्या कानावर घाला.
- "बदल नको" अशी अट असेल तर आकृतीवरची इंग्रजी नावं पुसून मराठी नावं घालून ती प्रसिद्ध करता येत नाही. या अटीकडे जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

माझं मत विचाराल तर पेशी, हृदय, बेसाल्टचे थर अशा नेहमीच्या आकृत्या इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच काढा. पहिल्या एक-दोन आकृत्यांना वेळ लागेल, पण नंतर तो साठा सगळ्या युनिटला पुरतो आणि कोणाची परवानगी मागावी लागत नाही. आकृती काढताना तुम्हाला विषयही समजतो, आणि सरांनी न सांगितलेली एखादी शंका तिथेच सुटते.

भारताचा नकाशा लागला तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरूनच घ्या. परदेशी संकेतस्थळांवरच्या नकाशांत जम्मू-काश्मीरची सीमा बऱ्याचदा वेगळी असते, आणि देशाची सीमा चुकीची छापणं हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. राज्यशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या व्हिडिओत असा नकाशा गेला तर त्रास प्राध्यापकांना होतो.

साहित्याच्या तासासाठी उतारे घेताना लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झाली आहेत का, ते पाहा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, तेव्हा त्यांचं लेखन आता मुक्त आहे. मात्र एखाद्या प्रकाशकाने अलीकडे काढलेलं मुखपृष्ठ किंवा आतली चित्रं मुक्त असतीलच असं नाही.

पार्श्वसंगीतासाठी सिनेमातलं गाणं नको. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं घ्या, नाहीतर संगीताशिवाय ठेवा. व्याख्यानाखाली संगीत नसलेलंच बरं. व्हिडिओत विद्यार्थी दिसणार असतील तर त्यांची लेखी संमती घ्या, आणि अकरावी-बारावीची मुलं असतील तर पालकांची.

५. साधनं

खर्च करायची गरज नाही. आवाजासाठी ऑडॅसिटी, स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ, एडिटिंगसाठी केडेनलाइव्ह किंवा शॉटकट, आकृत्यांसाठी इंकस्केप, फोटोंसाठी गिंप, ॲनिमेशनसाठी ब्लेंडर, मूडलमधल्या चाचण्यांसाठी एचफाइव्हपी. सगळी फुकट आणि खुली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात इंकस्केप, गिंप, ब्लेंडर यांचे छोटे धडे आहेत आणि त्या प्रकल्पातले बरेच धडे मराठीतही आहेत. धडा पाहता पाहता शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं, अशी त्यांची पद्धत आहे. शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

विकत घ्यायचंच असेल तर एक कॉलर माइक आणि एक ट्रायपॉड घ्या. चांगला मोबाइल आता बहुतेकांकडे असतो.

६. शूटिंग

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली मोबाइल सेकंदाला ३० फ्रेमवर ठेवला की चित्रात पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये जाऊन २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, पट्टे जातात.

पंखा बंद करा, खिडकी लावा. माइक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावा. साडीचा पदर, मंगळसूत्र, ओढणी माइकला घासणार नाही अशी जागा शोधा. मॅडमच्या हातात बांगड्या असतील आणि समोर टेबल असेल, तर टेबलावर जाड कापड अंथरा. सरांना आदल्या दिवशी सांगा की बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरतात. हे सांगायला अवघड वाटतं खरं, पण कोणी मनाला लावून घेत नाही. सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांनी गप्प राहून खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीत तोच नमुना देऊन मागची घरघर कमी करता येते. आवाजाची पातळी सर्वात मोठ्या बोलण्याला उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आत राहू द्या.

प्रात्यक्षिकाचं शूटिंग मात्र वेगळं असतं आणि त्याची तयारी आधी करावी लागते. रसायनशास्त्राचं टायट्रेशन घ्या. ब्युरेटचं वाचन दाखवताना कॅमेरा द्रवाच्या पातळीच्या अगदी समोर हवा. जरा वर-खाली गेला तर वाचन चुकतं, आणि मुलं चुकीचा आकडा पाहून वहीत लिहितात. मागे पांढरा कागद धरा. नळीत द्रवाचा पृष्ठभाग वक्र दिसतो; रंगहीन द्रावणात त्या वक्राची खालची कड वाचायची असते, पण पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात वरची, त्यामुळे फोकस कुठे धरायचा ते सरांना विचारा. शेवटी फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा जो फिकट गुलाबी रंग येतो, तो या व्हिडिओचा जीव आहे. मोबाइलचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर कॅमेरा स्वतःहून रंग बदलतो. नेमका तो गुलाबीपणा धुऊन जातो किंवा भडक होतो. आधी पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स लॉक करा. शेवटचे थेंब पडताना फ्लास्क जवळून घ्या, आणि रंग टिकतोय हे दिसेपर्यंत कट करू नका.

प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांशी आधी बोलून ठेवा. द्रावणं कधी तयार असतात, कोणतं टेबल उजेडात येतं, हे त्यांनाच ठाऊक असतं.

७. मांडणी आणि सबटायटल

व्याख्यान आठ-दहा मिनिटांच्या तुकड्यांत ठेवा. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण ११०-१२० शब्द होतात, तेव्हा संहिता हातात आली की शब्द मोजून लांबी आधीच सांगता येते. तीस मिनिटांची संहिता असेल तर ती कापायची कुठे, हे सरांनाच ठरवू द्या.

अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला फरक ४.५ ला १ यापेक्षा कमी नसावा, असा वेबवरच्या सुगम्यतेचा मापदंड आहे. फुकटची तपासणी साधनं मिळतात. पिवळ्यावर पांढरं, लालवर निळं यात बसत नाही, आवडलं तरी. स्लाइड मोबाइलवर उघडा आणि हात लांब करून वाचा. वाचता आली नाही तर मजकूर दोन स्लाइडमध्ये वाटा.

सबटायटल जरूर घाला. ऐकू कमी येणाऱ्या मुलांसाठी ती लागतातच, आणि वसतिगृहाच्या खोलीत आवाज न करता पाहणाऱ्यांनाही उपयोगी पडतात. संहिता युनिकोडमध्ये असेल तर अर्धं काम झालेलंच असतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. पीडीएफ नोट्सही युनिकोडमधूनच करा. दृष्टिहीन विद्यार्थी एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर वाचतात, आणि जुन्या फॉन्टमधली पीडीएफ त्यांना निरर्थक अक्षरांसारखी ऐकू येते.

८. दुरुस्त्या

व्हॉट्सअॅपवरच्या व्हॉइस मेसेजमधून दुरुस्त्या येतील, जिन्यात भेटून येतील, रात्री अकराला येतील. सगळ्या एका शीटमध्ये उतरवा: मिनिट-सेकंद, काय आहे, काय हवं. ती शीट सरांना पाठवा आणि "एवढंच ना?" असं विचारा, मगच हात लावा.

चूक आणि आवड वेगळी करा. सूत्र चुकलंय, ही चूक, ती कितव्याही फेरीत दुरुस्त करायची. रंग जरा वेगळा हवा होता, ही आवड, ती ठरलेल्या दोन फेऱ्यांत बसवायची. संहिता "अंतिम" ठरल्यानंतर नवा परिच्छेद आला, तर नम्रपणे जुनी ईमेल दाखवा आणि नवी तारीख द्या. बहुतेक प्राध्यापक ते मान्य करतात.

९. सोपवणं आणि श्रेय

फायली तीन ठिकाणी ठेवा: तुमच्या लॅपटॉपवर, विभागाच्या हार्ड डिस्कवर आणि ड्राइव्हवर. फाइलच्या नावात विषय, युनिट आणि तारीख येऊ द्या. "फायनल नवीन २" असं नाव सहा महिन्यांनी कोणालाच कळत नाही. व्हिडिओ तुमच्या चॅनेलवर न टाकता विभागाच्या चॅनेलवर टाका, म्हणजे तुम्ही कॉलेज सोडलंत तरी लिंक चालू राहते.

देताना हे सगळं द्या: अंतिम व्हिडिओ, एडिटिंगचा मूळ प्रोजेक्ट, वापरलेले फॉन्ट, आकृत्यांच्या मूळ फायली, सबटायटल, चित्रांच्या परवान्यांची यादी आणि संमतीपत्रं. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला की तुमच्या जागी आलेल्या मुलीला यातूनच काम पुढे न्यायचं असतं.

शेवटच्या स्लाइडवर तुमचं नाव असावं, हे पहिल्या भेटीतच बोलून ठेवा. काम करणाऱ्याचं नाव त्याच्या कामाशी जोडलेलं राहण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमात आहे, आणि कामाची मालकी दुसऱ्याकडे गेली तरी तो उरतो. मालकी कोणाची, हा प्रश्न मात्र पैसे कोणी दिले आणि काय ठरलं होतं यावर अवलंबून असतो, तेव्हा तेही ईमेलमध्येच लिहून घ्या. पोर्टफोलिओत कोणते भाग दाखवता येतील, याची परवानगीही त्यातच मागा.

विभागप्रमुखांकडून लेटरहेडवर प्रमाणपत्र घ्या. त्यात कामाचा कालावधी, एकूण तास, आणि तुम्ही नेमकं काय केलं (संहिता मांडणी, आकृत्या, शूटिंग, एडिटिंग) हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. "मदत केली" एवढ्यावर नोकरीच्या मुलाखतीत कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, आणि सत्र संपून विभागप्रमुख सुट्टीवर जाण्याच्या आत सही-शिक्का घ्या.